पाणी न सोडणारे धुलाई यंत्र : शिकाऊ कारागिरास पत्र

चि. अमोल यास,

धुलाई यंत्रातले पाणी बाहेर जात नाही, ही तक्रार ग्राहक क्वचितच या शब्दांत करतो. ‘मशीन पिळत नाही’, ‘कपडे ओलेगच्च निघतात’ असेच बहुधा कानी पडते, कारण टबात पाणी उभे असेपर्यंत यंत्र स्पिनला, म्हणजे वेगाने फिरून कपडे पिळण्याला, हातच घालत नाही. पडद्यावर उमटणाऱ्या सांकेतिक खुणेचा अर्थही मर्यादितच असतो. एलजीच्या यंत्रावरील ‘ओई’ ही खूण ठरलेल्या वेळेत पाणी गेले नाही एवढेच सांगते. पंप जळाला, असे ती सांगत नाही.

म्हणून शोधाची सुरुवात यंत्राच्या पोटातून न करता, पाणी जिथे पडायला हवे त्या मोरीपासून करावी. पुढून दार असलेल्या, म्हणजे फ्रंट लोड यंत्रात निचऱ्याचा पंप असतो आणि तो पाणी साधारण एक मीटर उंचीपर्यंत चढवू शकतो. वरून झाकण असलेल्या अनेक यंत्रांत मात्र पंपच नसतो, तर टबाच्या तळाची झडप एक लहान मोटर खेचून उघडते आणि पाणी केवळ उताराने वाहते. यंत्र ड्राय बाल्कनीत आणि मोरी पलीकडे असली, की घरातली मंडळी पाइपला जोड देऊन तो कठड्यावरून किंवा बेसिनमध्ये सोडतात, आणि मग त्या चढाच्या पातळीशी येऊन पाणी थांबते. असा पाइप जमिनीवर आणून सरळ पसरला, की यंत्र धडधाकट असल्याचे दिसते. (या तपासणीत एकही सुटा भाग विकला जात नाही, म्हणूनच कदाचित ती पुष्कळांना सुचत नाही.)

पंप असलेल्या यंत्रात फिल्टर उघडण्यापूर्वी प्लग काढणे आणि गरम धुलाई चालू असल्यास पाणी निवू देणे अत्यावश्यक आहे, कारण काही कार्यक्रमांत ते 90 अंशांपर्यंत तापते. फिल्टरच्या झाकणामागे बारीक नळी असेल तर तिने पाणी परातीत उतरवावे, नसेल तर फिल्टर थोडा थोडा सैल करावा. नाणी, सेफ्टी पिना, बाळाचा मोजा असा ऐवज तिथे सापडतो, पण फिल्टर स्वच्छ झाला म्हणजे काम झाले असे नव्हे. त्याच्या पोकळीत बॅटरीचा उजेड टाकून पाणी ढकलणारे पात्यांचे लहान चक्र, म्हणजे इम्पेलर, पाहावे. ते बोटाने फिरवताना टप्प्याटप्प्याने अडत, हिसके देत फिरते, आणि नवखा कारागीर त्यालाच ‘जाम’ समजून चांगला पंप बदलतो. वस्तुतः पंपाच्या आत कायमचे चुंबक असल्यामुळे ते हिसके स्वाभाविक असतात. उलट चक्र अगदी मोकळे, कसल्याही ओढीशिवाय गरगर फिरले तरच संशय घ्यावा, कारण तेव्हा ते दांड्यावरून सुटलेले असू शकते आणि मोटर फिरत असूनही पाणी जागचे हलत नाही.

पंप गुणगुणतो पण पाणी जात नाही, तेव्हा अडथळा शोधावा. पंप मुळीच बोलत नाही, तेव्हा प्लग काढून मल्टीमीटरने त्याच्या वेटोळ्याचा रोध मोजावा. तो अनंत आला तर वेटोळे तुटलेले आहे. शेदोनशे ओहमच्या आसपास आला तर पंपाला बोल न लावता तारा, जोड आणि शेवटी सर्किट बोर्ड या क्रमाने पुढे जावे. बोर्ड महाग असतो, आणि तो पहिल्याच भेटीत दोषी ठरवण्याची खोड या धंद्यात फार आहे.

पाणी पूर्ण गेल्यावरही यंत्र पुढे सरकत नसेल, तर दाबाचा स्विच पाहावा. टबातील पाण्याची पातळी बारीक नळीतल्या हवेच्या दाबावरून ओळखणारा हा भाग, नळीच्या तोंडाशी साबणाचा चिखल साचला, की रिकामा टबही भरलेला मानतो.

फिल्टर परत बसवताना त्याचे आटे तिरपे धरू नयेत, आणि एक रिन्स-स्पिन पूर्ण चालवून, यंत्राखाली कोरडा कागद सरकवून गळती पाहिल्याखेरीज निघू नये. सापडलेली नाणी ग्राहकाच्या हाती द्यावीत.