जुन्या संगणकावर ओवी : हलक्या म्युझिक प्लेअरची घडण

जात्यावरच्या ओव्या हे आपल्या आया-आज्यांचे अलिखित वाङ्मय होय. गिरणी आली, जाते अडगळीत गेले आणि ओवीही विरत चालली. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांपैकी सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरातील महिलांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही त्यात आहेत. असा ठेवा ऐकण्यास महागडा संगणक हवाच का?

प्रथम हिशेब मांडू. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत दर सेकंदाला प्रत्येक वाहिनीचे ४४,१०० नमुने असतात व प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. दोन वाहिन्यांचे मिळून सेकंदाला १,७६,४०० बाइट होतात. १२० तासांना सुमारे ७६ जीबी जागा लागेल. कानाला फारसे न जाणवणारे तपशील वगळणाऱ्या एमपीथ्री पद्धतीने, १२८ केबीपीएस वेगाने साठविल्यास तेच सुमारे ७ जीबीत मावते, म्हणजे एका साध्या पेनड्राइव्हवर!

ते वाजविणारा कमांड लाइनवरील प्लेअर तीन कामे करतो : फाइल वाचणे, तिचे पुन्हा नमुन्यांत रूपांतर करणे आणि ते नमुने साउंड कार्डकडे पाठविणे. दुसऱ्या कामासाठी एमपीजी१२३ ही मुक्त प्रणाली, तर तिसऱ्यासाठी लिनक्समधील अल्सा उपलब्ध आहे. आपण लिहावयाचा तो या तिघांना जोडणारा दुवा.

या दुव्याचे मर्म बफरमध्ये आहे. टँकर उशिरा आला तरी हौदातील पाण्यावर घर चालते. तसेच वाचन क्षणभर रखडले तरी बफरमधील नमुन्यांवर गाणे अखंड राहते. अर्ध्या सेकंदाच्या बफरला ८८,२०० बाइट पुरतात. हौद फार मोठा केला, तर मात्र ‘थांब’ म्हटल्यावरही आत साठलेला आवाज वाजतच राहतो.

आणखी दोन पथ्ये पाळावीत. टर्मिनल एरवी एंटर दाबेपर्यंत वाट पाहते. कळ दाबताच आज्ञा पोहोचावी म्हणून त्याची रीत बदलावी लागते. कार्यक्रम संपताना ती पूर्ववत करावी, अन्यथा नंतर टंकलेली अक्षरे पडद्यावर दिसेनाशी होतात. दुसरे पथ्य देवनागरी नावांचे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. ‘ओवी’ या नावातील ओ, व आणि दीर्घ वेलांटी मिळून नऊ बाइट होतात. लांब नाव बाइट मोजून तोडले, तर अक्षराच्या जागी चौकोन उमटतात.

चित्रे नाहीत, खिडक्या नाहीत. म्हणून भंगारात निघालेल्या संगणकालाही हे काम झेपते. विद्यार्थी मित्रहो, प्लेअर घडविताना आवाज म्हणजे मोजता येणारे अंक, हे आपल्याला उमगते. सुटीत लोहाऱ्याहून आपापल्या गावी जाल, तेव्हा आजीची एक तरी ओवी तिच्या संमतीने मुद्रित करून आणा. यंत्र जुने असले तरी चालेल. आवाज मात्र एकदा गेला की परत मिळत नाही.