संख्यापदानंतरचे वचन : मराठी व इंग्रजी रचनांचा तौलनिक विचार

पदव्युत्तर वर्गातील उत्तरपत्रिकांत व अनुवादांत एक दोष वारंवार आढळतो. इंग्रजी लिहिताना 'वन ऑफ माय फ्रेंड' आणि मराठी लिहिताना 'प्रमुख गझलकारापैकी एक', अशा दोन्ही ठिकाणी अनेकवचनाऐवजी एकवचन येते. हा निष्काळजीपणा समजून गुण कमी केले जातात. त्यामागील भाषिक कारण मात्र क्वचितच तपासले जाते. प्रस्तुत लेखात त्या कारणाचा विचार करावयाचा आहे.

'माझा एक मित्र' ही मराठीची स्वाभाविक रचना होय. येथे 'एक' हे मित्राचे विशेषण असल्याने नाम एकवचनी राहते. इंग्रजी रचनेत आधी समूह कल्पिला जातो आणि मग त्यातून एकाचा निर्देश होतो. म्हणून तेथे 'फ्रेंड्स' हवे. विद्यार्थी मराठीतील एकवचन इंग्रजी साच्यात बसवतो. उलट दिशेने हाच साचा मराठीत येतो. अमरावती येथे १९३२ साली जन्मलेले सुरेश भट हे 'मराठीतील एक प्रमुख गझलकार' होत, असे सहज म्हणता येते. 'गझलकारांपैकी एक' असे लिहावयाचे असल्यास मात्र समूह व्यक्त झालाच पाहिजे. १९६२ साली शासनमान्य झालेल्या मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनुसार अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार आवश्यक आहे, तो याच कारणाने.

दुसरा प्रश्न परिमाणाचा. मराठीने 'मोजणे' आणि 'मापणे' असे दोन धातू राखले आहेत, आणि हा भेद वचनातही उतरतो. 'दोन वाट्या घासल्या' यात वाट्या मोजल्या आहेत. स्वयंपाकघरातील 'दोन वाटी पीठ' या प्रयोगात पीठ मापले आहे. अकोल्याच्या बाजारातील कापसाच्या 'वीस गाठी' होतात, पण 'वीस क्विंटल' म्हणताना क्विंटलचे रूप बदलत नाही. 'एक डझन केळी आणली' या वाक्यात 'एक' हे डझनाचे विशेषण आहे, केळ्यांचे नव्हे. म्हणून नाम व क्रियापद दोन्ही अनेकवचनी. इंग्रजीतही 'फाइव्ह रुपीज' आणि 'फाइव्ह-रुपी नोट' असा भेद आहे. पहिल्यात रुपये मोजले जातात, दुसऱ्यात रक्कम नोटेचे विशेषण बनते. तेव्हा संख्या एकाहून अधिक असली की पुढचे प्रत्येक पद अनेकवचनी, हा ढोबळ नियम दोन्ही भाषांत टिकत नाही.

येथे वऱ्हाडी बोलीचे साहाय्य महत्त्वाचे ठरते. प्रमाण मराठीत 'लोकांचे' यातील अनेकवचन अनुस्वाराने दाखवले जाते. वऱ्हाडीत मात्र 'लोकायचं', 'पोरायले' अशा रूपांत अनेकवचन स्पष्ट उच्चारले जाते. 'पोराले' आणि 'पोरायले' यांत खेड्यातून आलेला विद्यार्थी कधीही घोटाळा करत नाही. म्हणजे वचनभेदाची जाणीव त्याच्याजवळ आहे. तुटलेला आहे तो बोली आणि लेखन यांमधील दुवा. बोलीत जेथे 'आय' ऐकू येतो, तेथे प्रमाण लेखनात अनुस्वार द्यावा, एवढे सूत्र त्याला सांगितले तर अनुस्वाराचा नियम पाठ करण्याचा विषय राहणार नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने दोन प्रश्न पुरेसे आहेत. पहिला, वस्तू मोजली की मापली? दुसरा, संख्यापद कोणत्या शब्दाचे विशेषण आहे? या प्रश्नांची उत्तरे शोधताना विद्यार्थ्याला आपली बोली अशुद्ध म्हणून बाजूला ठेवावी लागत नाही, उलट तीच प्रमाणभूत ठरते. महाविद्यालयीन अध्यापकांनी 'दहा रुपयाची नोट', 'दोन वेळेचे जेवण' यांसारखे प्रयोग आपल्या वर्गातील बोलीभाषकांकडून नोंदवून घ्यावेत. उत्तरपत्रिकेवर लाल रेघ ओढण्यापूर्वी त्या रूपामागे दोष आहे की व्यवस्था, हे पाहणे भाषेच्या अध्यापकाचे पहिले काम आहे.