आमरीला पुन्हा बहर यावा म्हणून

निरोपसमारंभात किंवा नववर्षाची भेट म्हणून मिळालेले ऑर्किडचे रोप दोन-अडीच महिने टेबलाची शोभा वाढवते. शेवटचे फूल गळले, की मात्र ते मेले असे समजून कुंडीसकट टाकून दिले जाते. वस्तुतः ते जिवंत असते, केवळ विसावलेले असते.

भेटीदाखल मिळणारी ही आमरी बहुधा फॅलेनॉप्सिस असते. ‘पतंगासारखी’ या अर्थाचे हे नाव तिला १८२५ साली वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लूम यांनी दिले. सह्याद्रीतील सीतेच्या वेणीप्रमाणेच ती झाडाच्या खोडावर वाढते. परंतु ती बांडगूळ नव्हे, झाडाचा रस ती शोषत नाही. तिच्या मुळांवरील स्पंजासारखे आवरण पावसाचे पाणी टिपते आणि वाऱ्यावर पुन्हा सुकते. म्हणूनच बागेतल्या मातीत ती कुजते. कोळशाचे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे तिला मानवतात. मुळे हिरवी दिसत असतील तर पाणी देऊ नये. रुपेरी झाली, की भरपूर द्यावे व पूर्ण निथळू द्यावे. पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नये. घरातली बहुतेक रोपे तहानेने नव्हे, तर अतिप्रेमाने मरतात.

पूर्वेकडील खिडकीतला उजेड तिला पुरतो. पाने गर्द हिरवी झाली, तर तो कमी पडतो असे समजावे. एवढे करूनही फुले येत नसतील, तर उणीव बहुधा गारव्याची असते. तापमान महिना-दीड महिना २५ अंशांखाली राहिले, म्हणजे फुलांचा दांडा निघतो. पुणे, नाशिक, बंगळूर येथे हिवाळ्यात हा गारवा आपसूक लाभतो. मुंबईत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री खिडकी उघडी ठेवावी. चेन्नईसारख्या शहरात वातानुकूलित खोलीवाचून हे अवघडच.

पानाच्या तळाशी कोंब दिसला, की तो मूळ आहे की दांडा, असा संभ्रम पडतो. मुळाचे टोक गोल व गुळगुळीत असते. दांड्याचे किंचित चपटे. दांडा दिसल्यापासून फुले उमलायला सुमारे तीन महिने लागतात. या काळात कुंडी फिरवू नये, कारण दांडा उजेडाकडे वळत असतो. पिकलेली केळी वा आंबेही जवळ ठेवू नयेत. त्यांतून निघणाऱ्या वायूमुळे कळ्या न उमलताच गळतात.