शेत आधी कागदावरून जातं

सिंधुदुर्गातल्या एका वाडीत रस्त्याकडेचे चार कुणगे (भातखाचरं) गेली काही वर्षं तारेच्या कुंपणात आहेत. कुंपण घालणारा वाडीतला नाही, जिल्ह्यातलाही नाही. आत भात नाही, की नाचणी नाही, रान माजलंय. येणारेजाणारे वाडीतल्या निवृत्त शिक्षकांना विचारतात, ‘गुरुजी, दांडगाई करून घेतलं काय हो?’ गुरुजी नाही म्हणतात. कुणी दमदाटी केली नाही. रीतसर खरेदीखत झालं, मुद्रांक शुल्क भरलं गेलं, फेरफारही मंजूर झाला. चार पिढ्यांची शेती गेली ती अशी, कायद्याच्या चौकटीत आणि फारसा आवाज न होता.

आता गुरुजी आसपासच्या वाड्यांमध्ये बोलावलं की जातात, सोबत आपली फाईल नेतात आणि ती उघडूनच बोलतात.

त्यांच्या घरचा सातबारा कोकणातल्या हजारो सातबाऱ्यांसारखा. आजोबा वारले तेव्हा वारसांची नावं लागली, मग त्या वारसांच्या वारसांची. दोन डझनांच्या घरात नावं, निम्मी मुंबईत, आणि वाटप कधीच नाही. कसणारे तिघे-चौघे. कुणाचा कुणगा कुठला हे सगळ्यांना ठाऊक, पण ते तोंडी. कागदावर अख्खं क्षेत्र सामाईक. मुंबईच्या एका चुलत पुतण्यानं आपला अविभक्त हिस्सा एका गुंतवणूकदाराला विकला. सहहिस्सेदाराला स्वतःचा हिस्सा विकता येतो, त्याला बाकीच्यांची सही लागतेच असं नाही, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. एकदा परका माणूस सातबाऱ्यावर आला की पुढचं सोपं असतं. त्यानं मुंबईतले आणखी काही हिस्सेदार गाठले. गावी वर्षातून एकदा येणाऱ्याला व्हाळापलीकडचा कुणगा आणि बँकेतली रक्कम यांत निवड करायला फार वेळ लागत नाही, आणि त्यासाठी त्याला बोल लावण्यातही अर्थ नाही.

खरी मेख खरेदीखतातच होती. हिस्सा अविभक्त, म्हणजे त्याला स्वतःची हद्द असूच शकत नाही. तरी दस्तात चतुःसीमा लिहिलेली: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस व्हाळ, दक्षिणेस गडगा वगैरे. नेमका तोच तुकडा, जिथं पाणी पोचतं आणि ट्रकही. त्या चार ओळींच्या जोरावर कुंपण पडलं. दावा अजून दिवाणी न्यायालयात आहे.

फेरफाराची नोटीस घरी आली होती. भावकीतली कुठलीतरी वारसनोंद असेल, म्हणून ती पंचांगात ठेवली गेली. जमीन महसूल संहितेच्या कलम 150 प्रमाणे तलाठी (कागदावर आता ग्राम महसूल अधिकारी) नोंद घेतो, चावडीत नोटीस लावतो, हितसंबंधितांना कळवतो. 15 दिवसांत लेखी हरकत आली, तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं आणि मंडळ अधिकाऱ्याला सुनावणी घ्यावी लागते. हरकत नसेल, तर नोंद प्रमाणित होते. नंतर प्रांताकडे अपील करता येतं, पण तिथंही 60 दिवसांची मुदत आहे आणि पायपीट वेगळी. म्हणून गुरुजींचं पहिलं सांगणं असतं, महिन्यातून एकदा ‘आपली चावडी’ हे सरकारी संकेतस्थळ उघडा. गावात कुठले फेरफार प्रलंबित आहेत ते तिथं घरबसल्या दिसतं. मुंबईतल्या नातवंडांना हे काम लावून द्यावं, त्यांच्या हातात फोन असतोच.

हरकतीत काय लिहायचं, हा पुढचा प्रश्न. ‘आमचा विरोध आहे’ एवढ्यावर भागत नाही. वाटप झालेलं नाही, दस्तातल्या चतुःसीमा कशाच्या आधारे घातल्या, खरेदीदार शेतकरी असल्याचा पुरावा कुठे आहे, असे मुद्दे हवेत. 1948 च्या कूळ कायद्याच्या कलम 63 नुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू वारसा कायद्याचं कलम 22 सहवारसांना खरेदीचा पहिला हक्क देतं. तो शेतजमिनीलाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये स्पष्ट केलं. आपल्या प्रकरणात तो बसतो का, हे वकिलाला वेळेत विचारावं.

पण या सगळ्याच्या आधीचं औषध म्हणजे वाटप. ‘नाव आसा, पण जागा खंय आसा?’ हा गुरुजींचा ठरलेला सवाल, आणि त्यावर बैठकीत हमखास शांतता पसरते. सगळे सहधारक राजी असतील, तर महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, नाहीतर नोंदणीकृत वाटणीपत्र. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक 100 रुपयांचा, आणि नोंदणी शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं मे 2025 मध्ये घेतला. खर्चाची सबब आता चालणार नाही. उरते भावकीतली अढी, आणि तिला सरकारी माफी नाही. बहिणींना यातून वगळायचा मोह तर मुळीच नको. 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, आणि वगळलेली सहीच पुढे वाटप उधळते.

कुलमुखत्यारपत्राबद्दल गुरुजी फार कडक आहेत. वारसनोंदीच्या कामासाठी म्हणून पुढे केलेल्या कागदात विक्रीचे, विसार घेण्याचे अधिकार घुसवलेले असतात. सही करणाऱ्यानं शेवटच्या पानापर्यंत वाचावं, आणि न वाचता सही मागणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावं.

पीक नोंदवणं हेही शेत राखण्यातच मोडतं. ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू आहे. शेतकऱ्यानं स्वतः फोनवरून पिकाचा फोटो टाकायचा. पाटाच्या पाण्यावर वायंगणी भात घेणारा शेतकरीही ती नोंद टाकत नाही, विहीर दाखवत नाही, बांधावरच्या माडांचं तर नावच नाही. मग कागदावर जमीन एकपिकी किंवा चक्क पड. 2013 च्या भूसंपादन कायद्याचं कलम 10 म्हणतं की ओलिताखालची बहुपीक जमीन अगदी शेवटचा पर्याय म्हणूनच घ्यावी (रस्ते, रेल्वे, कालवे अशा रेषीय प्रकल्पांना यातून सूट आहे). ज्या जमिनीचं ओलितच नोंदलेलं नाही, तिला या कलमाचा आधार कसा मिळणार?

ओलिताच्या मुद्द्याचं वजन पेणमध्ये दिसलं. महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) रायगडातली गावं मागितली गेली, तेव्हा हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांनी आमच्या शेताला पाणी मिळणार आहे, असं बजावलं. 21 सप्टेंबर 2008 ला तिथं शेतकऱ्यांचं जनमत घेतलं गेलं. कौल प्रचंड बहुमतानं विरोधात गेला आणि पुढे संपादन बारगळलं. एन. डी. पाटील, उल्का महाजन यांच्यासारखी चळवळीतली माणसं पुढे होती, मोर्चे निघाले, हे खरंच. पण लाभक्षेत्राचा मुद्दा कागदावर पक्का होता, म्हणून तो खोडून काढणं अवघड गेलं.

गोव्याचा धडा वेगळा. तिथं 2023 मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम 17(2) आलं, प्रादेशिक आराखड्यातल्या ‘चुका’ दुरुस्त करण्यासाठी. अर्ज आले, आणि लाखो चौरस मीटर भातशेती, बागायत ‘चुकून’ शेती म्हणून दाखवली गेली होती, असं निघालं! संघटना उच्च न्यायालयात गेल्या आणि मार्च 2025 मध्ये त्या कलमाखालचे नियम रद्द झाले. मालकी तशीच, सातबारा बदललेला नाही, पण नकाशावरचा रंग बदलला की शेताचा प्लॉट होतो. महाराष्ट्रातही जमीन महसूल संहितेत कलम 42-ड आलं: गावठाणापासून 200 मीटरच्या आत, लगतचा पट्टा आराखड्यात बिगरशेती दाखवलेला असेल, तर जमीन निवासी वापरासाठी बिनशेती झाली असं मानलं जातं; रक्कम भरली की काम झालं. म्हणून नगररचना कार्यालयातून आपल्या गट क्रमांकाचा झोन दाखला काढावा, आणि नवा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींची मुदत संपण्याआधी ग्रामसभेत तो भिंतीवर लावून वाचावा.

चतुर्थीला सगळे चाकरमानी गावी येतात. वाटप ठरवायला सगळे हिस्सेदार एका छपराखाली असण्याचा हा वर्षातला एकमेव मोका. त्याआधीच सातबारा, आठ अ, जुने फेरफार आणि मोजणीचा नकाशा काढून ठेवा, कोणता कुणगा कुणाचा ते नकाशावर पेन्सिलीनं आखा, आणि आरती आटोपली की तो कागद सगळ्यांसमोर पसरा.