गुणवत्ता कोठे घडते?

मार्गशीर्ष लागला की परसवाड्याच्या पंचक्रोशीतील रस्त्यांवर धानाने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग दिसू लागते. खरेदी केंद्रावर पोती उतरतात, तपासणारा मूठभर दाणे काढून ओलावा मोजण्याच्या यंत्रात घालतो, आणि यंत्रावर उमटणाऱ्या आकड्याकडे सारे कुटुंब डोळे लावून उभे राहते. आकडा १७ किंवा त्याखाली निघाला तर मापाला सुरुवात होते. १९ निघाला तर पोती पुन्हा सोडावयाची, धान पसरावयाचे, आणि ऊन मिळेपर्यंत राखण करीत थांबावयाचे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी हे दृश्य पाहिले आहे. काहींनी त्या ढिगाशेजारी घोंगडी पांघरून रात्रही काढली आहे.

शेकडा १७ ही ओलाव्याची मर्यादा सरकारी खरेदीच्या मानकात ठरलेली आहे. त्याच मानकात माती-खडे शेकडा १, काडीकचरा शेकडा १, पोचट व अपक्व दाणे शेकडा ३ यांहून अधिक नसावेत असेही सांगितलेले असते. हे आकडे कोणाच्या लहरीने ठरलेले नाहीत. ओले धान ढिगात राहिले की आतून तापते, त्याला बुरशी धरते व दाणा काळवंडतो. म्हणून मर्यादा हवीच. परंतु तपासणारा मनुष्य कितीही प्रामाणिक असला आणि त्याचे यंत्र कितीही अचूक असले, तरी त्या यंत्राने धान एका कणानेही सुकत नाही. यंत्र केवळ सांगते. धान सुकले की नाही हे त्यापूर्वीच, बांधीत आणि खळ्यावर, ठरून गेलेले असते.

कोणत्या दिवशी कापणी केली, कापलेल्या कडपा किती दिवस वाळल्या, मळणी झाल्यावर धान किती जाड थरात पसरले, किती वेळा हलविले, रात्री दव पडताना झाकले की नाही, या पाच-सहा गोष्टींत तो आकडा दडलेला असतो. कापणी फार लांबविली तर शेतातच दाणे झडतात. उलटपक्षी, घाईघाईने कडक उन्हात पातळ थर देऊन सुकविले तर दाण्याला आत बारीक चिरा पडतात. यंत्र खूष होते, पण गिरणीत तांदळाचा तुकडा वाढतो. म्हणजे एक दोष टाळताना दुसरा ओढवतो. यास्तव काम कसे करावे याची रीत हवी, केवळ शेवटचा आकडा पुरेसा नाही.

येथे एक लहानसे गणित करून पाहावे. शेकडा २० ओलावा असलेल्या १०० किलो धानात कोरडा भाग ८० किलो असतो. ते शेकडा १७ पर्यंत सुकविले की तोच ८० किलो भाग एकंदर वजनाच्या शेकडा ८३ होतो. म्हणून वजन सुमारे ९६.४ किलो भरते. जे साडेतीन किलो कमी झाले ते पाणी होते. घरी परतल्यावर वडील मंडळी ‘मापात मारले’ असे म्हणतात तेव्हा प्रत्येक वेळी ते खोटे असते असे आम्ही म्हणत नाही. पण तक्रार करण्याआधी हा हिशेब मुलांनी त्यांना मांडून दाखवावा.

शेवटी तपासून वाईट ते बाजूला काढावयाचे, की वाईट घडूच नये अशी कामाची वाट बांधावयाची, हा प्रश्न कारखान्यांपुढेही होता. गेल्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील टेलिफोनची यंत्रे बनविणारे कारखाने तपासनिसांनी भरलेले असत. माल तयार होई, तपासला जाई, आणि सदोष माल मोडीत निघे. त्यासाठी लागलेली धातू, श्रम आणि वेळ मात्र परत येत नसे. तेथील वॉल्टर शूहार्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १६ मे १९२४ रोजी आपल्या वरिष्ठांना एक पानभर टिपण दिले आणि त्यात एक आलेख काढून दाखविला. आज ज्याला नियंत्रण-आलेख म्हणतात त्याचा जन्म त्या पानावर झाला.

त्याची कल्पना आपल्या रोजच्या अनुभवातून समजते. समजा, एखाद्या मुलास घरून शाळेत येण्यास साधारणतः अर्धा तास लागतो. कधी २७ मिनिटे, कधी ३३. या चढउताराचे कारण शोधीत बसण्यात अर्थ नाही. वारा, चिखल, वाटेत भेटलेला मित्र अशा अनेक बारीक कारणांची ती बेरीज असते. पण एखाद्या दिवशी ५५ मिनिटे लागली तर काहीतरी वेगळे घडले आहे. सायकलची नळी फुटली असेल, नाल्याला पूर आला असेल. हे कारण शोधता येते व दूरही करता येते. शूहार्टचे म्हणणे असे की या दोन चढउतारांतील भेद ज्याला कळत नाही तो दोन्हीकडून चुकतो. ३३ मिनिटे लागली म्हणून तो मुलाला रागावतो, आणि ५५ मिनिटांना ‘असे व्हायचेच’ म्हणून सोडून देतो. आणि रोजच ३० ऐवजी २० मिनिटांत पोहोचावे अशी इच्छा असेल तर रागावून ते होणार नाही. रस्ता तरी सुधारला पाहिजे, नाहीतर वाट तरी बदलली पाहिजे.

आमच्या देशाशी या विद्येचा संबंध बराच जुना आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. भारतीय मानक संस्था जानेवारी १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या काही महिने आधी, स्थापन झाली. तिचेच काम आज भारतीय मानक ब्यूरो पाहतो. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून स्वतः शूहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतात आले होते. त्यांचे सहकारी डेमिंग हे १९५० साली जपानात गेले. युद्धाने होरपळलेल्या त्या देशातील कारखानदारांनी त्यांचे व्याख्यान ऐकून सोडून दिले नाही. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने पारितोषिक सुरू केले. योजना करा, करून पाहा, काय झाले ते तपासा, आणि त्याप्रमाणे रीत सुधारा. मग पुन्हा पहिल्यापासून. असा हा फेरा आहे. साकिची टोयोडा यांच्या मागात सूत तुटताच माग आपोआप थांबत असे. दोष कापडात विणला जाऊ नये, तो जेथे झाला तेथेच कळावा, हीच त्यातील युक्ती. पुढे त्यांच्या घराण्याच्या मोटारीच्या कारखान्यात कामगारालाही काम थांबविण्याचा अधिकार देण्यात आला.

१९८७ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने या साऱ्या विचाराला नियमांचे रूप दिले. आयएसओ ९००० या मालिकेतील ९००१ क्रमांकाचे मानक आज कारखाने, इस्पितळे, शाळा, सरकारी कचेऱ्या असे सर्व वापरतात. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. हे मानक वस्तूविषयी नसून कामाच्या पद्धतीविषयी आहे. ग्राहकाला काय कबूल केले आहे, ते काम कोण करतो, कसे करतो, चूक झाली तर ती कोठे नोंदवितात आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करतात, एवढेच ते विचारते. सरकारी खरेदीच्या तांदळात तुकड्याचे प्रमाण अनेक वर्षे शेकडा २५ पर्यंत चालत आले. कबुली तेवढीच असेल, तर प्रत्येक पोत्यात २४ टक्के तुकडा देणारी गिरणीही पद्धतशीर ठरू शकते. भिंतीवरचे प्रमाणपत्र पाहून तांदूळ उत्तम असेलच असे समजणारा ग्राहक म्हणून फसतो. शिवाय ही प्रमाणपत्रे ती आंतरराष्ट्रीय संघटना स्वतः देत नाही. निरनिराळ्या स्वतंत्र संस्था तपासणी करून देतात, आणि त्या सर्वांची तपासणी सारख्याच कसोशीची असते असे नाही.

वाचकांस वाटेल की हे सारे अभियंत्यांचे व मोठ्या भांडवलाचे काम. अल्पशिक्षित माणसांना ते कसे साधावे? याचे उत्तर मराठी माणसांनीच मुंबईत देऊन ठेवले आहे.

मुंबईच्या डबेवाल्यांचा धंदा १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केला असे सांगतात. हे लोक मुख्यतः पुणे जिल्ह्याच्या मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतील. त्यांचा न्यास १९५६ साली नोंदविला गेला. २०२० पूर्वी सुमारे ५ हजार डबेवाले रोज दीड ते दोन लाख डबे पोहोचवीत असत. सकाळी घरून उचललेला डबा सायकलीवरून स्थानकात येतो. तेथे उतरण्याच्या ठिकाणाप्रमाणे डब्यांची वाटणी होते. लोकलने तो दक्षिणेकडे जातो, पुन्हा वाटला जातो, आणि दुपारच्या जेवणाच्या आत कचेरीतील टेबलावर पोहोचतो. तिसऱ्या प्रहरी रिकामा डबा त्याच वाटेने उलट घरी येतो. एक डबा कित्येक हातांतून जातो, आणि त्यातील बहुतेकांनी डब्याचा मालक कधी पाहिलेलाही नसतो.

हे जमते कसे? डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेल्या काही अक्षरांत व आकड्यांत सारे आहे. मधला मोठा आकडा कोणत्या भागात उतरावयाचे ते सांगतो. कडेची खूण पोहोचविणारा माणूस, इमारत आणि मजला सांगते. दुसरी खूण डबा कोठून निघाला ते सांगते. पूर्ण पत्ता लिहिलेला नसतो, कारण वाटणी करणाऱ्याला तो नको असतो. त्याला त्याच्या टप्प्यापुरतेच हवे असते, आणि तेवढे एका दृष्टिक्षेपात दिसते. चूक झाली तर पुढच्याच टप्प्यावर, परका डबा हाती येताच, ती उघडी पडते. मध्यल्या स्थानकावर गाडी वीसएक सेकंद थांबते. विचार करीत बसण्यास तेथे अवकाशच नाही. प्रत्येक गटात वीस-पंचवीस माणसे व एक मुकादम, आणि कोणी आजारी पडला तर त्याच्या जागी उभा राहील असा एखाद-दुसरा जादा गडी. फळीत बसणार नाही असा वेडावाकडा डबा ते नाखुषीने घेतात. ज्या घरून डबा वारंवार उशिरा मिळतो त्या घराचे काम ते सोडून देतात. आम्हांला यातले हे शेवटचे फार महत्त्वाचे वाटते. एका घराच्या पाच मिनिटांपायी दुसऱ्या तीसचाळीस घरांची गाडी चुकू देणे त्यांना मान्य नाही.

आता एक नाजूक गोष्ट. डबेवाल्यांना ‘सिक्स सिग्मा’ दर्जा मिळाला आहे, असे वर्तमानपत्रांत व भाषणांत शेकडो वेळा सांगितले गेले. सिक्स सिग्मा ही मोटोरोला या अमेरिकन कंपनीत १९८६ च्या सुमारास निघालेली पद्धत. तिचे ध्येय १० लाख संधींत ३.४ हून अधिक चुका होऊ न देण्याचे. डबेवाल्यांच्या बाबतीत १९९८ साली ‘फोर्ब्स’ या नियतकालिकात आलेल्या लेखाचा आधार देण्यात येतो. परंतु त्या लेखाच्या लेखकानेच पुढे स्पष्ट केले की ‘फोर्ब्स’ने असा कोणताही दर्जा दिला नव्हता आणि लेखात तो शब्दही नव्हता. चुका किती होतात, असे त्याने संघटनेच्या अध्यक्षांस विचारले. जवळजवळ नाहीतच, फार तर दोन महिन्यांतून एखादी, असे उत्तर आले. आणि त्यावरून त्याने हिशेब केला की ८० लाख डब्यांत एक, परतीचा प्रवास धरला तर १ कोटी ६० लाखांत एक. स्थानकावर वही घेऊन कोणी चुका मोजल्या नव्हत्या.

यामुळे डबेवाले लहान ठरतात काय? मुळीच नाही. रोज २ लाख डबे, जाऊन-येऊन ४ लाख फेऱ्या. शंभरात एक चूक झाली तर रोज ४ हजार माणसांच्या जेवणाचा किंवा डब्याचा घोटाळा होईल, आणि असा धंदा आठवडाभरही टिकणार नाही. तो शंभर वर्षांहून अधिक टिकला, यातच त्यांच्या पद्धतीचा पुरावा आहे. परंतु जो आकडा मोजलेला नाही तो मोजल्यासारखा सांगणे, हे ज्या विद्येच्या नावाने आपण त्यांची स्तुती करतो त्या विद्येलाच सोडून आहे. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे लोकल गाड्या थांबल्या, कचेऱ्या ओस पडल्या, आणि डबेवाले आपापल्या गावी परतले. गाड्या पुन्हा सुरू झाल्यावरही त्यांची पहिली संख्या भरून आली नाही. पद्धतीत खोट नव्हती; डबा मागविणारा माणूसच घरी बसून काम करू लागला होता. चांगली पद्धत दोष टाळू शकते, गिऱ्हाईक निर्माण करू शकत नाही.

पुन्हा आपल्या खळ्याकडे येऊ. आपल्या बालाघाट जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली. ती त्या नावाचे रक्षण करते; एखाद्या पोत्यातील दाणा सुवासिक आहे की त्यात दुसरे वाण मिसळले आहे, हे शेवटी पेरणीच्या वेळी वेगळ्या ठेवलेल्या बियाण्यावर आणि खळे झाडून घेण्यावरच अवलंबून राहते.

येत्या हंगामात ज्यांच्या घरी धान आहे त्या मुलांनी एक जुनी वही घ्यावी व पाच रकाने आखावेत: बांधीचे नाव, कापणीचा दिवस, कडपा वाळल्या ते दिवस, खळ्यावर पसरून ठेवलेले दिवस, आणि केंद्रावर निघालेला आकडा. दव पडले किंवा ढगाळ हवा होती तर कडेला तसे लिहावे. अंदाजाने काही भरू नये; आठवत नसेल तेथे रिकामे सोडावे. एका वर्षाच्या नोंदीवरून फारसे कळणार नाही, कारण एका हंगामात ओळी थोड्याच भरतील. पण चार-पाच घरांच्या वह्या शेजारी ठेवल्या की, नाल्याकाठच्या बांधीतले धान नेहमीच दोन दिवस अधिक मागते की काय, हे कोणाला न विचारता दिसू लागेल. मग ते दोन दिवस घरच्या खळ्यावर द्यावयाचे, की केंद्राच्या अंगणात थंडीत राखण करीत, हे कापणीपूर्वीच घरात बसून ठरविता येईल.