इंधन-योजनांचा लाभ कसा मोजावा ?

बदलापूरजवळील बारवी धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ साली बांधले. त्याचे पाणी खालच्या अंगास असलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ इत्यादी शहरांना व कारखान्यांना मिळते. धरणाभोवतालच्या डोंगरांत ठाकूर व कातकरी लोकांच्या वाड्या आहेत. तेथील स्त्रियांना सरपणाची मोळी डोक्यावरून वाहून आणावी लागते आणि धुरात बसून स्वयंपाक करावा लागतो. हे कष्ट कमी व्हावेत म्हणून शासनाने वेळोवेळी योजना आखल्या. त्यांचा लाभ घरात खरोखर पोहोचला की नाही, हे गावपातळीवरील कार्यकर्त्याने कसे पाहावे, याचा येथे विचार केला आहे.

वाटपाचा आकडा म्हणजे लाभ नव्हे. १९८३ साली सुरू झालेल्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमात देशभर कोट्यवधी चुली बसविल्या गेल्या. परंतु त्यांपैकी पुष्कळशा दुरुस्तीअभावी मोडल्या, आणि २००२ साली तो कार्यक्रम बंद झाला. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेत गरीब घरातील स्त्रीच्या नावे अनामत रक्कम न घेता गॅसजोडणी देण्यात आली. २०२४ साली राज्य शासनाने पात्र कुटुंबांसाठी वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याची योजना आणली. या योजनांतही जोडणी ही केवळ सुरुवात होय. चूल कशावर पेटते, हे पाहिले पाहिजे.

तपासणी करताना पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

(१) गॅसच्या पुस्तिकेवरून वर्षात किती सिलिंडर भरून आणले, ते टिपावे. नुसते विचारून भागत नाही. कारण पाहुण्यास बरे वाटेल असे उत्तर देण्याकडे माणसाचा कल असतो.

(२) सरपण ताणकाट्याने तोलावे. सकाळी मोळी तोलून ठेवावी व दुसऱ्या दिवशी उरलेले सरपण पुन्हा तोलावे. असे निदान तीन दिवस करावे.

(३) राबासाठी आणलेला पालापाचोळा व फांद्या वेगळ्या धराव्यात. भाताचे रोप टाकण्यापूर्वी राब भाजण्यास लागणारे जळण चुलीच्या हिशेबात मिसळले, तर सारा हिशेब चुकतो.

(४) पावसाळ्यात व उन्हाळ्यात अशी दोनदा पाहणी करावी. पावसाळ्यात सरपण ओले असते व धूर अधिक होतो. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. त्या दिवसांत बंद आढळलेले घर ‘सरपण वापरत नाही’ असे लिहू नये.

(५) योजनेचा लाभ न मिळालेली, तेवढ्याच माणसांची व तशाच परिस्थितीची काही घरेही तपासावीत. दोहोंतील फरक पाहिल्यावाचून सरपण योजनेमुळे कमी झाले की अन्य कारणाने, हे कळत नाही.

आता हिशेब पाहू. तीन दगडांच्या चुलीत लाकडातील उष्णतेचा सुमारे दहावा हिस्साच भांड्याला लागतो. त्यामुळे १४.२ किलोचा एक सिलिंडर ढोबळ मानाने २०० किलो सरपणाचे काम करतो. समजा, एका घरास रोज ५ किलो, म्हणजे वर्षाला सुमारे १,८०० किलो सरपण लागते. त्या घराने तीन सिलिंडर भरून आणले, तर सरपण सुमारे ६०० किलोंनी, म्हणजे एक-तृतीयांशाने कमी व्हावयास हवे. उरलेले दोन-तृतीयांश काम चुलीवरच राहील. म्हणून अशा घरास ‘धूरमुक्त’ म्हणणे योग्य ठरणार नाही. सरपण तितकेही घटले नसेल, तर सिलिंडर कोठे खर्ची पडला, याचा शोध घ्यावा.

जेथे सिलिंडर पुन्हा भरला जात नाही, तेथे कारण विचारून लिहावे : पैसे एकदम जमत नाहीत, गाडी वाडीपर्यंत येत नाही, की कागदपत्रे अपुरी आहेत? प्रत्येक कारणाचा उपाय निराळा आहे. ज्यांच्या गोठ्यात पुरेशी जनावरे व जवळ पाणी आहे, त्यांना गोबरगॅस सुचवावा. त्यामुळे शेणाच्या गोवऱ्या होण्याचे टळून चुलीस इंधन आणि भातशेतीस खत, दोन्ही मिळतात.

अहवालात जोडण्यांच्या संख्येशेजारी ‘वर्षात भरलेले सिलिंडर’ आणि ‘रोजचे सरपण’ असे दोन रकाने अवश्य घालावेत. स्त्रीच्या डोक्यावरील भार किती हलका झाला, हे त्या दोन रकान्यांवरूनच समजेल.