पावलोपावली राखण
शास्त्रभाग : स्तोत्र १२१



बेंगळुरूच्या उत्तरेस सुमारे ६० किलोमीटर अंतरावर नंदीदुर्ग हा डोंगर आहे. त्याचा माथा समुद्रसपाटीपासून १,४७८ मीटर उंच आहे. परंतु बेंगळुरूचे पठारच सुमारे ९०० मीटरवर असल्यामुळे प्रत्यक्ष चढण बेताचीच आहे. सिंहगड पायी चढलेल्या वाचकास तिचे भय वाटू नये. वरपर्यंत मोटाररस्ता आहे, तरी जुन्या दगडी पायऱ्यांनी चढणारे पुष्कळ असतात. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे मध्यवर्ती कार्यालय बेंगळुरूत असल्याने भाषांतराच्या कामासाठी माझे तेथे जाणे होते. अशाच एका फेरीत, पन्नाशीतले गुडघे सांभाळीत, मी त्या पायऱ्या चढलो. त्या वाटेवर स्तोत्र १२१ चा अर्थ पायांनी वाचता येतो.

१. साहाय्य डोंगरातून येत नाही

स्तोत्रकर्ता डोंगरांकडे पाहतो आणि विचारतो, मला मदत कोठून मिळणार? जुन्या इंग्रजी भाषांतराच्या वाचनाने अनेकांचा असा समज झाला की, मदत डोंगरांतूनच येते. परंतु मूळ इब्री शब्द ‘मेअयिन’ प्रश्नवाचक आहे. त्याचा अर्थ ‘कोठून?’ असा होतो. उत्तर दुसऱ्या वचनात आहे : डोंगरांकडून नव्हे, तर आकाश व पृथ्वी निर्माण करणाऱ्याकडून.

नंदीदुर्ग याची साक्ष देतो. हैदरअली व टिपू सुलतान यांनी येथील किल्ला बळकट केला. तुटलेले कडे पाहून तो अजिंक्य वाटावा. तरी ऑक्टोबर १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या सैन्याने तो घेतला. आपलेही असे गड असतात : ओळखीचा अधिकारी, मोठे इस्पितळ, नामांकित वक्ता. त्यांचा उपयोग जरूर करावा. परंतु त्यांना निर्माणकर्त्याच्या जागी बसवू नये.

२. देवाने लहान डोंगर निवडला

इब्री भाषेत ‘हर’ या एकाच शब्दाने डोंगर आणि पर्वत दोन्ही दाखवले जातात. मराठीत मात्र भाषांतरकाराला निवड करावी लागते, आणि ‘सियोन पर्वत’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे हिमालय उभा राहतो. वास्तविक यरुशलेमेतील मंदिराची टेकडी सुमारे ७४० मीटर उंचीची आहे. शेजारचा जैतुनाचा डोंगरही तिच्याहून उंच. उत्तरेकडील हर्मोन तर २,८१४ मीटर. बेंगळुरूच्या सपाट रस्त्यावर उभा असलेला मनुष्यही सियोनेपेक्षा उंचावर असतो! स्तोत्र ६८ मध्ये (वचने १५-१६) बाशानाची उत्तुंग शिखरे देवाने निवडलेल्या डोंगराकडे हेव्याने पाहतात, ते याचमुळे. देवाची निवड उंचीवर अवलंबून नसते. लहान मंडळीत सेवा करणाऱ्यांनी हे विसरू नये.

३. राखण प्रत्येक पावलाची

स्तोत्रे १२० ते १३४ ही पंधरा आरोहणस्तोत्रे आहेत. सणासाठी यरुशलेमेस चढून जाणारे यात्रेकरू ती गात, असे अनेक अभ्यासक मानतात. मग १२१ व्या स्तोत्रात शिखरावर पोहोचल्याचे वर्णन असावे, अशी आपली अपेक्षा असते. ते त्यात नाही! आहे ते न घसरणारे पाऊल, दिवसाचे ऊन, रात्रीचा चंद्र आणि न झोपणारा रक्षक. ‘शामर’, म्हणजे राखणे, हे क्रियापद आठ वचनांत सहा वेळा आले आहे. पिकाची राखण करणारा शेतकरी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. राखणदाराचा डोळा लागला की पीक गेलेच. आपल्या राखणदाराचा डोळा लागत नाही.

शेवटचे वचन जाण्याविषयी आणि येण्याविषयी बोलते. डोंगर चढणाऱ्यास ठाऊक असते की, चढताना दम लागतो, पण पाय घसरतो तो बहुधा उतरताना. उपवास-प्रार्थनेची सभा संपवून आपण घरी परततो, तेथे तेच आजारपण आणि तेच कर्ज वाट पाहत असते. त्या उतरणीवरही राखण करणारा तोच आहे.

मननासाठी

१. संकटात माझी दृष्टी प्रथम कोणत्या ‘डोंगराकडे’ जाते?
२. माझी सेवा लहान आहे म्हणून मी खिन्न होतो काय?
३. माझ्या घरात आज कोण उतरणीवर आहे? त्याच्याबरोबर मी चालत आहे काय?